कानस, खळ, कोरणी

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वर्षातून तीनदा गावभर हातांना काम लागते. चवथीला गणपतीच्या मूर्ती आणि त्यांच्यासमोरचे हलते देखावे, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर आणि घरोघरचे आकाशकंदील, शिगम्याला चित्ररथ. यांतले काहीही बंद पडलेले नाही. उलट दरवर्षी उंची वाढते, दिवे वाढतात, गर्दी वाढते. बदलली आहे ती करण्याची रीत. त्या रितीतून जे गळत चालले आहे, त्याची ही नोंद. नुसत्या म्हातारपणाने गेलेल्या वस्तू यात घेतलेल्या नाहीत. ज्यांचे काम आता संगणकातली फाईल करते, किंवा उद्या करील, तेवढ्याच घेतल्या आहेत.

घरचा पाट

श्रावणात घरचा पाट मूर्तिकाराच्या चित्रशाळेत पोचवायचा. मागच्या बाजूला खडूने घराचे नाव. मूर्तीचे माप कागदावर नसे, पाटावर असे. बैठकीभोवती चारी बाजूंनी बोटभर लाकूड दिसले पाहिजे, एवढाच नियम. जुना मूर्तिकार नाव न वाचता पाट ओळखी. या घरचे मखर बुटके, म्हणून मुकुट आखूड. त्या घरी विसर्जनाची पाणंद अरुंद, म्हणून हात अंगाबाहेर फार काढायचे नाहीत. आता मोबाइलवर फोटो येतो आणि खाली लिहिलेले असते, ‘अशीच, दोन फूट’. फोटोत पाणंद दिसत नाही.

बांबूची कोरणी

एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. बांबूच्या सालीकडच्या भागाची, कारण आतला गर ओल्या मातीत फुगतो. बोटांच्या पेरांना बसेल अशी ज्याची त्याने तासून घ्यायची. दुसऱ्याची कोरणी हातात परकी लागते. हिने सोंडेवरच्या वळ्या, बोटांची नखे, पितांबराच्या चुण्या निघत. साच्यातून काढलेल्या मूर्तीला चुण्या तयारच येतात. कोरणी उरते ती सांध्याची रेघ पुसायला. शहरांतल्या काही कार्यशाळांत मूळ मूर्तीच आता संगणकाच्या पडद्यावर घडवतात, त्रिमितीय छापयंत्रावर काढतात आणि तिच्यावरून रबराचा साचा पाडतात. त्या मूर्तीच्या चेहऱ्याची डावी बाजू बहुधा उजवीचे तंतोतंत प्रतिबिंब असते, कारण अर्धी घडवून उरलेली अर्धी एका कळीने उलटवलेली असते. हाताच्या मूर्तीत एक गाल दुसऱ्यापेक्षा किंचित भरलेला असे. बघणाऱ्याला ते कळत नसे, पण चेहरा जिवंत वाटे.

मातीची परीक्षा

डिचोलीला कुंभारकामाची जुनी परंपरा आहे. तिथल्या हातांना माती नजरेने नव्हे, अंगठ्याने कळते. गोळा करंगळीएवढा वळायचा आणि तर्जनीभोवती गुंडाळायचा. भेगा पडल्या तर माती हलकी, बोटाला चिकटली तर पाणी जास्त. मूर्तीच्या मातीत कापूस पिंजून घालायचा, म्हणजे वाळताना ती ओढ सहन करते. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना बंदी आहे आणि सरकारी हस्तकला महामंडळ मातीच्या मूर्तीमागे कारागिराला अनुदान देते. त्यामुळे माती टिकली. पण पिशवीत बंद, चाळलेली, तयार माती येऊ लागली तशी अंगठ्याची परीक्षा सुटत चालली. तयार माती दरवेळी सारखीच वागते, तिथे परीक्षा घेणार कोण आणि कशाला?

फर्मे

आकाशकंदिलाचे, मखराच्या कमानीचे, कळसाचे पुठ्ठ्याचे फर्मे माळ्यावर खिळ्याला एकात एक अडकवलेले असत. कडा पेन्सिलीच्या शिशाने काळ्या पडलेल्या. फर्मा झिजला की नक्षी थोडी लहान होई, मग कुणीतरी नवा पुठ्ठा घेऊन ती पुन्हा मोठी करी, आणि करता करता एखादी पाकळी आपल्या मनाने वळवी. एका वाड्यातल्या कमानी दुसऱ्या वाड्यातल्या कमानींहून वेगळ्या दिसत त्या अशा. फाईल झिजत नाही. एकच मोराची कमान आज पत्रादेवीपासून काणकोणपर्यंत दिसते.

लेझरने कापलेल्या एमडीएफच्या मखराचे तुकडे एकमेकांत खटकन बसतात, हे खरेच. त्यासाठी आखणाऱ्याला आधी हिशेब ठेवावा लागतो, की किरण आपल्या वाटेतले साधारण दोन दशांश मिलिमीटर लाकूड जाळून टाकतो. एवढा बारीक हिशेब सुताराने कधी केला नाही. पण भाद्रपदातल्या हवेत एमडीएफ पाणी पिऊन फुगते, हे सुताराला माहीत होते. तो खाचेत पोस्टकार्ड फिरेल एवढी ढिलाई ठेवी आणि वर पाचर मारी. पाचर हाही यादीतला जिन्नस.

सूत

इंचाचा आठवा भाग. ‘दोन सूत कमी कर’ म्हटले की करवत बरोबर तेवढी सरके. त्याच्या खाली ‘अर्धे सूत’, आणि त्याच्याही खाली ‘रेघ ठेवून’ आणि ‘रेघ खाऊन’ अशी दोन मापे: पेन्सिलीची रेघ लाकडावर शिल्लक ठेवायची की करवतीने घालवायची. टेपवर ही दोन्ही मापे नाहीत.

खळ

मैदा, पाणी, मंद आच, सतत ढवळणे. उतरवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळ आणि कसर लागत नाही. नरकासुराच्या अंगावर कागदाचे थर याच खळीने चढत. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. घाई केली तर आत ओल राहते आणि पोट खाली बसते. आता म्हापशाच्या बाजारात तयार मुखवटे टांगलेले मिळतात. मंडळे मुखवटा आणतात आणि खालचे धड उभारतात. दात विचकलेला एकच चेहरा एका रात्रीत अनेक चौकांत जळतो. पूर्वी गावच्या नरकासुराचा चेहरा गावातल्याच कुणासारखा तरी दिसे आणि त्यावरून पहाटेपर्यंत हसू चाले.

करवंटीतला रंग

नारळाच्या करवंटीत रंग कालवायचा आणि उरलेला तसाच वाळू द्यायचा. पुढच्या चवथीला तीच करवंटी नमुना: त्या पितांबराचा पिवळा हा. आता रंगाला क्रमांक असतो आणि क्रमांक चुकत नाही. मात्र पडद्यावरचा पिवळा आणि दिव्याखालचा पिवळा यांत फरक पडतो, हे करवंटी समईसमोर धरून बघणाऱ्याला सांगावे लागत नसे.

लाखेची कांडी

कातकामाच्या चरकावर पूर्वी दोघे लागत. एकजण दोरी ओढून लाकूड फिरवी, दुसरा पटाशी धरी. लाकूड गोल झाले की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाने लाख वितळते आणि स्वतःच लाकडावर चढते. मग केवड्याचे पान दाबून धरायचे, झळाळी येते. पेडण्याच्या सीमेपलीकडचे सावंतवाडी याच कामासाठी नावाजले, आणि गोव्यात चितारी समाजाने पाट, पाळणे, खेळणी या रीतीने रंगवली. दोरी जाऊन मोटर आली त्याला फार वर्षे झाली. तो बदल कारागिरांनीच केला आणि बरे केले. आता चालला आहे तो पुढचा टप्पा. संगणकाने चालणारा चरक एकसारखे शंभर गोंडे काढतो आणि रंग फवाऱ्याने मारला जातो. फवाऱ्याचा रंग नुसता वर बसतो, लाख लाकडाला घट्ट धरते. पाच वर्षांनी पोराने दाताने कुरतडलेल्या खेळण्याकडे बघितले की दोन्हींतला फरक कळतो.

पांगारा

सावंतवाडीची लाकडी फळे पांगाऱ्याची. लाकूड हलके, मऊ, पटाशीला विरोध न करणारे. आंबा खरा वाटायचा तो रंगाइतकाच वजनामुळे. छापलेले फळ आतून पोकळ असते. त्याचे प्लास्टिक, पीएलए, साधारण साठ अंशांना मऊ पडते. देखाव्यातल्या जुन्या हॅलोजनसमोर ठेवले तर दुसऱ्या दिवशी केळे वाकडे होते. एलईडी आल्यामुळे ती अडचण सुटली. पांगाऱ्याला ती कधी आलीच नव्हती.

कानस आणि कलती चकती

हलत्या देखाव्याचा हा गाभा, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

यशोदा ताक घुसळते, हनुमान छाती उघडतो, रावणाची दहा डोकी मान वळवतात, हे सगळे एका फिरत्या दांड्यावर चाले. दांडा आधी हाताने फिरवीत. पडद्यामागे एक पोर बसवलेले असे. मग गाडीच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या वायपरची मोटर आली: बारा व्होल्टवर चालणारी, सावकाश फिरणारी, जोरकस आणि भंगारात मिळणारी. दांड्यावर प्लायवूडच्या चकत्या. चकतीचे भोक मधोमध पाडले तर काहीच हलत नाही. ते कडेला सरकवले की चकती कलती फिरते, तिच्यावर टेकलेली काठी वरखाली होते आणि काठीला बांधलेला हात उठतो-बसतो.

पण नुसता उठणारा-बसणारा हात यंत्रासारखा दिसतो. माणूस हात उचलतो, क्षणभर थांबतो, मग खाली आणतो. ते थांबणे आणायचे तर चकतीचा आकार बदलावा लागतो. जिथे थांबायचे तिथली कड दांड्याच्या भोकापासून सारख्या अंतरावर हवी. त्यासाठी कानस. चार हात मारायचे, चकती दांड्यावर चढवायची, फिरवायची, बघायची, उतरवायची, पुन्हा चार हात. जास्त घासले गेले तर चकती फुकट. संध्याकाळपर्यंत हनुमानाचा हात छातीजवळ एक श्वासभर थांबू लागे. तो श्वास त्या चकतीच्या कडेवर कायमचा कोरलेला असे. पुढच्या वर्षी तीच चकती कंसाच्या हाताला लागे, तर कंसही तसाच थांबे.

आता आर्दुइनो आहे. इटलीतल्या इव्रिया गावात २००५ साली विद्यार्थ्यांसाठी निघालेली ही छोटी पाटी आज शाळकरी पोरे हाताळतात. तिला बोटाएवढ्या सर्व्हो मोटरी जोडायच्या आणि लिहायचे: इतके अंश वर, इतके क्षण थांब, इतके अंश खाली. थांबणे कमी वाटले तर आकडा बदलायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. हा फायदा खोटा म्हणणाऱ्या माणसाने कानस कधी चालवलेली नसावी. आठवीतली मुलगी आज अशी हालचाल करून दाखवते, जी जुन्या चकतीवाल्याला जमली नसती: हात उठेल, थांबेल, आणि दर तिसऱ्या वेळी निराळा उठेल.

तोटा दुसरीकडे आहे. चकती अडली तर डोळ्यांना दिसते: काठी सुटली, दोरी ताणली, भोक झिजले. चवथीच्या तिसऱ्या रात्री टॉर्च घेऊन कोणीही आत शिरे आणि सुतळीने काम भागवी. स्वस्त सर्व्होचे आतले प्लास्टिकचे दाते गेले तर बाहेरून काही दिसत नाही. हात नुसता थरथरतो. ज्याने फाईल उतरवून घेतली आहे, लिहिलेली नाही, तो ती उघडून बघतो आणि बंद करतो. विसर्जनापर्यंत हनुमान तसाच.

रिळाची चाके

पेडण्याला रेल्वे उशिरा आली. कोकण रेल्वेचे काम सगळीकडे उरकत आले तरी पेडण्याचा बोगदा तिथल्या मऊ मातीमुळे दाद देत नव्हता. तो झाला तेव्हा मार्ग जोडला गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. पुढच्याच वर्षी मालाने भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा कोलाड ते वेर्णे सुरू झाली. गाडीच्या पाठीवर गाडी, असे दृश्य देखाव्यात येण्यासाठीच जन्मलेले.

देखाव्यातली गाडी अशी होई. शिवणाच्या दोऱ्याचे लाकडी रीळ मधोमध कापायचे: दोन चाके तयार, आणि प्रत्येकाला एका बाजूची कड फुकट. खऱ्या आगगाडीच्या चाकालाही अशीच आतल्या अंगाला कड असते. रूळ मोडक्या छत्रीच्या काड्यांचे. डबे बुटांच्या खोक्यांचे, खिडक्या एक्सरेच्या जुन्या फिल्मच्या. मोटर टेपरेकॉर्डरची. गाडी वळणावर घसरायची. तेव्हा बाहेरच्या रुळाखाली पोस्टकार्डाच्या दोन घड्या सारायच्या. खरे रेल्वे अभियंतेही वळणावर बाहेरचा रूळ उचलतात, हे पोस्टकार्ड सारणाऱ्याला कुणी शिकवलेले नसे. बोगदा मूर्तीच्याच उरलेल्या मातीचा. वाळताना त्याला भेगा जात. पेडण्याच्या देखाव्यात त्या न बुजवताही चालत. खऱ्या बोगद्याची भिंतही ऑगस्ट २०२० मध्ये ढासळली आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या होत्या.

प्रमाण? गाडी गणपतीच्या गुडघ्याच्या वर जाता कामा नये, हे प्रमाण.

शहरातल्या छंदिष्टांचे प्रमाण निराळे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला खुले झाले, कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षी. तिथल्या सिग्नलांच्या आणि रुळांच्या जाळ्यामागे आधीच्या दशकांचे हातकाम होते. जगभर या छंदात एचओ हे प्रमाण रुजलेले आहे: एकास सत्त्याऐंशी. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, कारण युरोप-अमेरिकेतले खरे रूळ १४३५ मिलिमीटरचे. आपले ब्रॉडगेज १६७६. एकास सत्त्याऐंशीने ते सव्वाएकोणीसच्या किंचित वर जाते. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या अचूक रुळावर भारतीय इंजिन ठेवले की ते अरुंद वाटेवर चालते. ही चूक दुरुस्त करायला संगणकच उपयोगी पडतो. आपल्या मापाच्या वाघिणी, आपल्या मापाची चाकांची जोडणी घरी आखता आणि छापता येते; परदेशी कारखान्याची वाट बघावी लागत नाही. संगणकाच्या जमेला हे मांडलेच पाहिजे.

ट्रेसिंग पेपर

डिचोलीच्या आसपासच्या खाणींच्या कचेऱ्यांत नकाशे काढणाऱ्यांची मेजे तिरकी असत. टी-स्क्वेअर, शाईचे पेन, चूक झाली तर दाढीच्या पात्याने शाई हलकेच खरवडायची आणि नखाने कागद घोटून पुन्हा गुळगुळीत करायचा. निळ्या प्रतींना अमोनियाचा वास. ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस अमेरिकेत विक्रीला आले. ते इथे पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर मेजे भराभर उचलली गेली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. नोंद एवढ्यासाठी, की समपातळीच्या रेषांवरून डोंगर डोळ्यांपुढे उभा करणारी माणसे त्या मेजांवर तयार झाली. चित्ररथावरचा डोंगर उभारताना अशी माणसे कामाला येत.

घोडेमोडणीचा घोडा

डिचोली, पेडणे, सत्तरीत शिगम्याला नाचतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, पुढे घोड्याचे डोके, भोवती रंगीत कापड. नाचणारा मधे उभा, घोडा त्याच्या कमरेला. सांगाडा नाचणाऱ्याच्या अंगावर बांधूनच बेततात. त्याला चार पावले नाचायला लावतात, कुठे घासते ते विचारतात आणि कामटी तासतात. पुढचे डोके जड झाले तर मागे कापडात वजन शिवतात. हा अजून कुणी फाईलमध्ये घातलेला नाही. यादीत हा एकटाच असा, की ज्याच्यापुढे ‘गेला’ लिहिता येत नाही.

गेले ते बरे झाले

थर्मोकोल तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूर. मुखवट्याच्या चकाकीसाठी वापरलेले कसलेही रंग. पडद्यामागे रात्री दोनपर्यंत दांडा फिरवत बसलेले पोर, ज्याला पुढून देखावा कधी दिसलाच नाही.

पहिल्या वर्षाची कामे

शेवटचा जिन्नस, आणि यादी खरी याच्यासाठी. चित्रशाळेत येणाऱ्या पोराला पहिल्या वर्षी मूर्तीला हात लावू देत नसत. माती चाळ, खडे वेच, मळ, फडकी ओली ठेव. दुसऱ्या वर्षी पाट आणि उंदीर. मग हात-पाय, मग दागिने. डोळे आखायला मिळेपर्यंत मिसरूड फुटलेले असे. देखाव्याच्या कामातही तसेच: आधी खळ ढवळ, पॉलिश पेपर मार, फर्म्याभोवती पेन्सिल फिरव, तारा सोल.

यंत्राला सगळ्यात आधी दिली ती हीच कामे. देणे रास्तच होते. ती कंटाळवाणी होती, वेळखाऊ होती, त्यांचे पैसे कुणी मोजत नव्हते. मोठ्या कारागिराचे काही बिघडले नाही. त्याच्या हातात आधीपासून चाळीस वर्षे होती. लेझर मिळाल्यावर तो आणखी चांगले काम करू लागला. संगणकावर उत्तम मखर आखणारा बहुधा तोच असतो, ज्याने कधीकाळी करवतीने फळ्या वाया घालवल्या आहेत. प्रश्न त्याच्या मागून येणाऱ्याचा आहे. त्याच्यासाठी खालच्या पायऱ्या उरलेल्या नाहीत. त्याला एकदम वरचे काम मिळते, पडद्यावर मूर्ती फिरवून बघण्याचे. आणि माती किती ओढ सहन करते, कड किती बारीक केली की तुटते, हे त्याला पहिल्यांदा कळते ते मूर्ती तडकल्यावर. हातकामाला संगणकाने मारलेले नाही. शिकण्याची सुरुवात कुठून करायची ती जागा त्याने घेतली आणि तिच्याबदल्यात आपण दुसरी जागा केली नाही.

ती करता येण्यासारखी आहे. गावोगाव देखाव्यांच्या, नरकासुरांच्या, चित्ररथांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. परीक्षक पुढून बघतात, फोटो काढतात आणि जातात. आयोजकांना विनंती आहे, की शंभरातले वीस गुण मागच्या बाजूला ठेवा. परीक्षकांनी आत शिरावे. तिथे काम करणारी मुले आहेत का, आणि त्यांनी स्वतः काय केले, ते त्यांनाच विचारावे. चालता देखावा मुद्दाम एका जागी अडकवावा आणि मंडळाला तो बाजारात न जाता चालू करून दाखवायला सांगावे. चकती असो वा आर्दुइनो, नियम एकच. वीस गुणांसाठी मंडळे मुले आत घेतील, आणि मुले आत आली की कानस कुठे ठेवली आहे हे त्यांना कुणीतरी दाखवीलच.